गाणं कोनासंग बोलते?

डिसेंबर लागला की याद्या येऊ लागतात. वर्षातले दहा उत्तम अल्बम, पन्नास उत्तम गाणी, हिप-हॉपमधलं हे, इंडीमधलं ते. २०१९ च्या अखेरीस बराक ओबामांनी आपल्या आवडत्या गाण्यांची यादी जाहीर केली, तिच्यात जयपूरच्या प्रतीक कुहाडचं ‘कोल्ड/मेस’ निघालं, आणि आपल्याकडे आनंदाला उधाण आलं. तो आनंद गाण्याचा कमी आणि ओबामांचा जास्त होता. ज्यांना ते गाणं आवडायचं त्यांना आधीपासूनच आवडत होतं. यादीत गेल्यावर ते एकदम मोठं झालं. शिफारशीचं सगळं बळ असं सांगणाऱ्याच्या नावात असतं. ती कोणासाठी केली आहे, हे यादी कधी सांगत नाही. तिच्या डोळ्यांपुढे कोणी ऐकणारा असतोच. पण तो बहुधा इंग्रजी बोलणारा, कानात महागडे हेडफोन घालणारा, बांद्र्यात नाहीतर बंगळूरच्या इंदिरानगरात राहणारा.

माझ्यापुढे असलेला ऐकणारा वेगळा आहे. तो सतरा-अठरा वर्षांचा, लोधीखेड्याचा. “भाऊ, ऐकाले काही चांगलं सांगा ना,” असं तो म्हणतो, आणि त्याला दहा नावं देऊन मोकळं होणं मला जमत नाही.

लोधीखेडा मध्य प्रदेशात आहे, सौंसर तहसिलीत, आणि २०२३ पासून पांढुर्णा या नव्या जिल्ह्यात. त्याआधी आम्ही छिंदवाड्याचे. त्याच्याही आधी, १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत, नागपूर राजधानी असलेल्या राज्याचे. त्या दिवशी नागपूर-विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आमची मराठी तहसील मागे राहिली. मध्य प्रदेशातले मराठी म्हटलं की पुण्या-मुंबईच्या वाचकाला इंदूर, ग्वाल्हेर, देवास आठवतं. होळकर, शिंदे आणि कुमार गंधर्व आठवतात. ती मराठी दरबाराबरोबर आली. आमची संत्र्या-कापसाच्या शेतातली. ती कुठून आलेली नाही, इथंच होती. सीमा मागून आली. आता घरात वऱ्हाडी, शाळेत हिंदी, बाजारात दोन्हींची खिचडी, आणि बोरगावच्या कारखान्यांमुळे कानावर पडणाऱ्या आणखी दोन-चार बोल्या.

अशा मुलाने गाण्याचं अ‍ॅप उघडलं की ते पहिल्यांदा भाषा निवडायला सांगतं. मराठी निवडली तर लावणी, भावगीत आणि मराठी सिनेमा. हिंदी निवडली तर मुंबईचा सिनेमा आणि मागोमाग पंजाबी. तो ज्या भाषेत मित्रांशी भांडतो आणि मुलीला चिठ्ठी लिहितो, त्या भाषेला तिथं खणच नाही. म्हणून त्याला ‘चांगली मराठी गाणी’ किंवा ‘चांगली हिंदी गाणी’ सांगण्यात अर्थ नाही. मला दुसरी कसोटी लागते, आणि बऱ्याच वर्षांच्या ऐकण्यातून एकच हाताशी उरली आहे: हे गाणं कोणाशी बोलतंय? आपल्या गल्लीशी बोलतंय आणि आपण बाजूला उभे राहून ऐकतोय, की गल्ली सजवून आपल्याला दाखवतंय? जे गाणं आपल्या माणसांशी बोलतं तेच परक्या माणसापर्यंतही पोचतं. जे परक्याला समजावून सांगायला बसतं, ते त्या गल्लीलाही नकोसं होतं आणि परक्यालाही दुसऱ्या दिवशी आठवत नाही.

हे विधान तपासायला सगळ्यात सोपी जागा म्हणजे मुंबईच्या रॅपरांवरचा सिनेमा ‘गली बॉय’, आणि त्याच्या आधीची गाणी. २०१३ मध्ये डिव्हाइनचं ‘ये मेरा बॉम्बे’ आलं, २०१४ च्या सुरुवातीला नेझीचं ‘आफत’, पुढच्या वर्षी दोघांनी मिळून केलेलं ‘मेरे गली में’. तिन्हींत डिव्हाइनची अंधेरी आणि नेझीचा कुर्ला आपसात बोलत होते. २०१९ च्या फेब्रुवारीत सिनेमा आला आणि गल्ली हा पोशाख झाला. त्यानंतरची दोन-तीन वर्षं देशातला प्रत्येक नवा रॅपर आपली गरिबी, आपली आई आणि आपलं स्वप्न यांची ओळख करून देत होता, आणि ती ओळख ज्याला करून दिली जात होती तो माणूस त्याच्या मोहल्ल्यात राहत नव्हता. त्याच सिनेमाच्या ध्वनिफितीत ‘इंडिया ९१’ नावाचं एक गाणं आहे, मृदंगवादक विवेक राजगोपालन यांनी बांधलेलं. त्यात वेगवेगळ्या भाषांतली पोरं येतात आणि कोणी कोणासाठी भाषांतर करत नाही. मला सिनेमातलं सगळ्यात टिकाऊ काम ते वाटतं. त्यात गुजरातीत बोलणारा एमसी तोडफोड होता आणि मराठीत बोलणारा हंड्रेड आरबीएच, म्हणजे अमरावतीचा सौरभ अभ्यंकर.

इथं मला थांबायचं आहे, कारण माझ्या शिफारशीचं पहिलं नाव हेच आहे. अमरावती आमच्यापासून फार लांब नाही. बोलण्याचं वळण तर मुळीच लांब नाही. हंड्रेड आरबीएच मुंबईच्या ‘स्वदेशी’ या गटाबरोबर गातो. या गटाचा ‘चेतावनी’ हा अल्बम २०२० साली आझादी रेकॉर्ड्सने काढला. आरे जंगलातल्या झाडांवरून वाद पेटला होता त्या काळात त्यांनी आरेतल्या पाड्यावर राहणारे आदिवासी कार्यकर्ते आणि गायक प्रकाश भोईर यांना बरोबर घेऊन ‘द वारली रिव्होल्ट’ केलं. ते ऐकताना लक्षात येतं की भोईरांचा आवाज सजावटीला आणलेला नाही. लोकगीताचा एक तुकडा उचलायचा, त्याच्याखाली ढोलाचा ठेका लावायचा आणि ‘फ्यूजन’ म्हणून विकायचं, हा आपल्याकडचा जुना धंदा आहे. इथं उलट झालं: गाण्याचा मालक पाड्यावरचा माणूस आहे आणि शहरातली पोरं त्याला जबाब देताहेत.

हंड्रेड आरबीएचचं महत्त्व माझ्या मते त्याहून मोठं आहे, आणि ते मुंबईच्या समीक्षकांच्या लक्षात येणं अवघड आहे. वऱ्हाडी बोलीला मराठी सिनेमाने आणि टीव्हीने एकच नोकरी दिली: हसवण्याची. पडद्यावर कोणी आमच्यासारखं बोलायला लागला की थिएटरात हशा ठरलेला. मोबाइलवरच्या वऱ्हाडी रील्स पाहा. नवरा-बायकोचं भांडण, दारुड्या, भोळा शेतकरी. आपणही ती नोकरी आनंदाने पत्करली. उद्धव शेळक्यांनी १९६० साली ‘धग’ लिहून या बोलीत किती दुःख मावतं ते दाखवून दिलं होतं, विठ्ठल वाघांनी कवितेत दाखवलं; पण ते पुस्तकात राहिलं. माइकसमोर उभा राहून, विनोद न करता, रागाने, वऱ्हाडी वळणाच्या मराठीत शेतकऱ्याबद्दल आणि जातीबद्दल बोलणारा पोरगा टीव्हीवरच्या ‘हसल’ या स्पर्धेत दिसला तेव्हा आमच्याकडची पोरं हसायचं विसरली. ही मी कलेची पावती मानतो. अमरावतीचाच विपिन तातड आहे, आंबेडकरी विचार थेट रॅपमध्ये मांडणारा. त्याची गाणी कधीकधी भाषणासारखी होतात, घोषणा संपते तिथं गाणं सुरू व्हावं असं वाटत राहतं. पण तो ज्यांच्याशी बोलतो त्यांना तो भाषण करतोय असं वाटत नाही, हेही मी पाहिलं आहे.

तोडफोडबद्दल थोडंसं. धर्मेश परमार हे त्याचं खरं नाव. २०२२ च्या मार्चमध्ये तो वयाच्या चोविसाव्या वर्षी गेला. ‘ट्रूथ अँड बेस’ हा त्याचा अल्बम मागे राहिला. गुजराती येत नसली तरी ऐकावा.

आता ज्याच्यावर माझं घरातच भांडण होतं त्याच्याकडे येतो. पुण्याच्या ताडीवाला रोडचा रॅपर एमसी स्टॅन. त्याचा ‘तडीपार’ २०२० चा, ‘इन्सान’ २०२२ चा, आणि २०२३ च्या फेब्रुवारीत तो ‘बिग बॉस’ जिंकून देशभर पोचला. बिग बॉसमुळे त्याला गंभीरपणे घेणं बंद झालं, हे चूक झालं. ‘तडीपार’ पुन्हा ऐका. ती हिंदी मुंबईच्या सिनेमाची नाही आणि लखनौचीही नाही. मराठीच्या शेजारात वाढलेली, मराठीची वाक्यरचना अंगावर घेऊन फिरणारी, पुण्याच्या वस्तीतली हिंदी आहे. ती आमच्या बाजाराच्या हिंदीची चुलत बहीण आहे. कोणालाही समजावं म्हणून तो थांबत नाही. वस्तीतली टोपणनावं, पोलिसांची भीती, मित्राने केलेला दगा, चोरलेला मान, सगळं एका ऑटोट्यूनच्या कण्हण्यात. पुण्याबद्दल मराठीत जेवढं लिहिलं गेलं त्यात हा रस्ता जवळजवळ नाही. सदाशिव पेठेवर विनोद करणाऱ्यांची संख्या मोठी आहे. पुणे स्टेशनच्या मागे काय आहे हे सांगणारा हा पोरगा निघाला.

भांडण कशावरून, तर शिव्यांवरून आणि बायकांबद्दलच्या भाषेवरून. शिव्यांचं मला काही वाटत नाही. आमच्या चौकात त्याहून जास्त ऐकू येतात. दुसरा आक्षेप खरा आहे आणि तो मी पुसणार नाही. स्टॅनच्या गाण्यांत बाई एकतर आई असते नाहीतर दगाबाज. गल्लीशी बोलणारं गाणं गल्लीतल्या निम्म्याच माणसांशी बोलत असेल, तर माझी कसोटी तिथं अर्धीच पास होते. म्हणून ‘तडीपार’ सांगताना मी त्याच दमात माही जीचं ‘जंगलचा राजा’ सांगतो; माही जी म्हणजे महादेव कोळी समाजातून आलेली, मराठीत रॅप करणारी मुलगी. आणि जुनं असलं तरी सोफिया अश्रफचं ‘कोडाईकनाल वोन्ट’. २०१५ साली तिने थर्मामीटर कारखान्यातल्या पाऱ्याने बाधित झालेल्या कामगारांसाठी ते केलं आणि पुढच्याच वर्षी हिंदुस्थान युनिलिव्हरने ५९१ माजी कामगारांशी तडजोड केली. कामगार त्याआधी कित्येक वर्षं लढत होते, श्रेय त्यांचं. पण कंपनीशी थेट, नाव घेऊन, तिच्या तोंडावर बोलणारं गाणं काय करू शकतं त्याचा हा दाखला आहे.

गाणं सरकारशी बोललं की सरकारही ऐकतं. २०२३ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात राज मुंगासे आणि उमेश खाडे या दोन मराठी रॅपरांवर राजकीय गाण्यांसाठी पोलिसांनी गुन्हे नोंदवले. संगीत म्हणून ती गाणी मला मध्यम वाटतात. ठेका बाजारातला, यमकं सैल. पण संगीतावरची पानं चालवणाऱ्यांनी ती यादीत घेतली नाहीत आणि पोलिसांनी घेतली, हा विनोद विसरण्यासारखा नाही.

लोक म्हणतील, ही कसोटी फक्त आपल्या भाषेपुरती चालते. तसं नाही. मला तमिळ येत नाही. तरीही अरिवु आणि ऑफ्रो यांचा २०१९ चा ‘तेरुकुरल’ मी पुन्हापुन्हा ऐकतो. त्याच अरिवुचं गायिका धीबरोबरचं ‘एन्जॉय एंजामी’ २०२१ मध्ये जगभर गेलं. त्याच्या मुळाशी श्रीलंकेच्या चहामळ्यात राबलेली त्याची आजी आहे. आणि त्याच वर्षी एका मोठ्या संगीत मासिकाने या यशावर मुखपृष्ठ काढलं तेव्हा त्यावर अरिवु नव्हता. बरीच ओरड झाल्यावर चूक दुरुस्त झाली. याद्या आणि मुखपृष्ठं करणाऱ्यांना गाणं ऐकू येतं, गाणारा दिसत नाही, हे त्यातून कळावं.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे: परक्याला दाखवायला केल्यासारखं वाटणारं गाणंही जगभर पोचतं. हनुमानकाइंडचं ‘बिग डॉग्ज’ २०२४ च्या जुलैत आलं, पुरतं इंग्रजीत, आणि अमेरिकेच्या बिलबोर्डच्या पहिल्या शंभरांत जाऊन बसलं. व्हिडिओत मौत का कुआँ. जगाला दाखवण्यासाठी भारतातला एक नजारा, असं म्हणून मी ते पहिल्यांदा बाजूला ठेवलं होतं. पण हा माणूस मलप्पुरममध्ये जन्मला आणि ह्यूस्टनमध्ये वाढला. ते इंग्रजी ह्यूस्टनच्या रस्त्यांचं आहे. त्याची गल्ली तीच. आणि विहिरीच्या भिंतीवर गाडी फिरवणारी माणसं त्या व्हिडिओत कोणालाही काहीही समजावत नाहीत, ती आपलं रोजचं काम करतात. आमच्या जत्रांत ती विहीर लागते; तिकीट काढून कठड्याला धरून उभ्या राहिलेल्या माणसाला ती परकी वाटत नाही. तेव्हा माझी कसोटी भाषेची किंवा जिल्ह्याची नाही, हे या गाण्याने मला नीट समजावून दिलं. त्याचा २०२५ चा ‘मान्सून सीझन’ मात्र मला विखुरलेला वाटला. त्यात तो एकाच वेळी फार जणांशी बोलायला जातो.

सीधे मौतचं काय? दिल्लीची ही रॅप करणारी जोडी कारागिरीत बहुतेकांच्या पुढे आहे. २०२२ चा ‘नायाब’ रचलेला अल्बम आहे, २०२३ चा ‘लंच ब्रेक’ तीस गाण्यांचा मोकळा दंगा. मला ‘लंच ब्रेक’ जास्त आवडतो, कारण त्यात ते एकमेकांशी बोलतात. ज्याला लिहायचं आहे त्याने श्वास कुठे घ्यायचा आणि ओळ कुठे मोडायची हे या दोघांकडून शिकावं. बाकी दिल्लीकर म्हणून प्रभ दीपचा ‘क्लास-सिख’, २०१७ चा, टिळक नगरमधला. तो अजून जुना झालेला नाही.

एक मोठी अडचण मी आतापर्यंत टाळली. इंडी गाण्यांचं काय करायचं? प्रतीक कुहाडच्या गाण्याला गल्ली नाही. त्यातला माणूस कुठल्याही शहरात असू शकतो, त्याला एक खोली आहे, एक मुलगी आहे जी जातेय किंवा गेलीय. आमच्याकडचे काही शहाणे लोक पोरांना सांगतात, हे परकं सोडा, आपल्या मातीतलं ऐका. हा सल्ला मला अपमानकारक वाटतो. बांद्र्यातल्या मुलाने जॅझ ऐकावा, आणि लोधीखेड्यातल्या मुलाने जन्मभर मातीतलंच ऐकावं, हे कोणी ठरवलं? लहान गावात माणसाला चोवीस तास ओळख असते. अमक्याचा नातू, तमक्या जातीचा, फलाण्या दुकानाच्या मागचा. रात्री गच्चीवर पडल्यावर चार मिनिटं कोणाचाच कोणी नसण्याची सोय हवी असेल तर ती अशी गाणी करून देतात. ती एका माणसाशी बोलतात, आणि एक माणूस हीसुद्धा गल्ली असते.

या जातीतला अलीकडचा माझा सगळ्यात आवडता अल्बम पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनीचा ‘बेटा’, २०२४ च्या ऑगस्टमधला. दिल्लीचा बँड, बहुतेक गाणी इंग्रजीत, सूर्यकांत साहनीचा जुन्या काळच्या क्लबात गाणाऱ्या गायकासारखा आळसावलेला आवाज, मध्येच ट्रम्पेट. त्यांचा २०१९ चा ‘बिस्मिल्लाह’ अधिक नाजूक आहे, ‘बेटा’ अधिक धीट. इंग्रजी कळलं नाही तरी चालतं. त्या ट्रम्पेटमध्ये लग्नाच्या बँडवाल्याची जी थकवा आलेली खुशी आहे ती आमच्याकडे कोणालाही कळते. इंग्रजी अडतच असेल तर साहनीनेच लिफाफा या नावाने केलेला हिंदी ‘जागो’ घ्या.

आणि मध्य प्रदेशाचं म्हणून काही हवं असेल, तर इंडियन ओशनचं ‘मा रेवा’, २००० च्या ‘कंदिसा’ अल्बममधलं, नर्मदेचं. पुढची पायरी म्हणून नीरज आर्याचा कबीर कॅफे. मुंबईचा बँड, पण त्यांची कबीराची वाट माळव्यातल्या प्रह्लादसिंह टिपानियांच्या तंबुऱ्यावरून आली आहे. मुंबईतल्याच अभंग रिपोस्टने अभंगांना बेस गिटार आणि ड्रम जोडले. काही ठिकाणी ते छान जमतं, काही ठिकाणी अभंग बिचारा बाजूला उभा राहतो.

बाजाराला नाकं मुरडण्याची मला हौस नाही. जळगावच्या संजू राठोडचं ‘गुलाबी साडी’ २०२४ मध्ये आलं आणि त्या उन्हाळ्यात आमच्याकडच्या प्रत्येक लग्नात वाजलं. ते नाचणाऱ्यांशी बोलतं, दुसऱ्या कोणाशी नाही, म्हणून मी ते बिनदिक्कत सुचवतो. क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं ‘तांबडी चामडी’ही त्याच वर्षीचं, मराठी शब्द थेट परदेशी नाचघरात घेऊन गेलेलं. पण या बाबतीत खरा धडा खानदेशाचा आहे. सचिन कुमावत आणि मंडळींनी अहिराणी गाण्यांचा स्वतःचा कारखाना उभा केला: आपले गायक, आपले कॅमेरावाले, आपले डीजे, आपले प्रेक्षक. ‘केसावर फुगे’ कोट्यवधी वेळा पाहिलं गेलं आणि त्यासाठी पुण्याची परवानगी लागली नाही. वऱ्हाडीत बोलणारे कमी नाहीत. तरी तसा कारखाना इकडे उभा राहिला नाही, आणि त्याचं कारण मला पैशात सापडत नाही. आम्ही आपल्या बोलीत हसायला शिकलो, नाचायला आणि रडायला लाजलो.

म्हणून मला रॅपच्या त्या ठरलेल्या वंशावळीचाही कंटाळा येतो. मराठी रॅपवर लिहिणारा प्रत्येकजण पहिल्या परिच्छेदात पोवाडा आणतो. पोवाडा तिसऱ्या माणसाचा, शूराचा, राजाचा गौरव करतो. रॅप ‘मी’ म्हणतो, पत्ता सांगतो, समोरच्याचं नाव घेऊन त्याला टोचतो. आमच्या भागात याच्या जवळचं काही असेल तर ती भुलाबाईची गाणी. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर मुली संध्याकाळी जमतात, टाळ्यांवर गातात, सासरच्या एकेकाला नाव घेऊन सोलतात. तक्रार, थट्टा, पुन्हापुन्हा येणारं धृपद, आणि सगळं आपल्या आळीतल्या बायकांसाठी. मराठी रॅपच्या इतिहासात कोणी त्यांचा उल्लेख करत नाही, कारण त्या माइकवर गात नव्हत्या.

रॅपच्या जवळची दुसरी जागा खंजिरीची. तुकडोजी महाराज एका हाताने खंजिरी वाजवत मराठीत आणि हिंदीत सारख्याच सहजतेने भजनं म्हणत. सीमा आखणाऱ्यांपेक्षा त्यांना आमची भाषा जास्त समजली होती. त्यांच्या गुरुदेव सेवा मंडळाची भजनं या पट्ट्यात अजून होतात. आणि अकोटकडचे सत्यपाल महाराज. सात खंजिऱ्या, अस्सल वऱ्हाडी, समोर बसलेल्या पाटलाला त्याच्याच तोंडावर हुंड्यावरून आणि बुवाबाजीवरून फटके, ठेका एका क्षणालाही सुटत नाही. ठेक्यावर बोलणं म्हणजे काय, हे शिकायला सतरा वर्षांच्या पोराला ह्यूस्टनला जायची गरज नाही. माझ्या यादीत ते हंड्रेड आरबीएचच्या शेजारी आहेत, आणि ‘तो प्रबोधनाचा कार्यक्रम आहे, हे हिप-हॉप आहे’ असं मला कोणी सांगू नये.

लोधीखेड्याची, सौंसरची, पांढुर्ण्याची स्वतःची अशी एक रेकॉर्ड अजून माझ्या ऐकण्यात नाही. विषयांची टंचाई नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव जाम नदीच्या दोन काठांवर उभे राहून एकमेकांवर दगड मारतात, दरवर्षी माणसं जखमी होतात, आणि दरवर्षी त्याचा फक्त व्हिडिओ होतो. संत्र्याचा भाव नागपुरात ठरतो, मतं भोपाळला जातात. माइक आणि ठेका यांचं हल्ली मोबाइलवरही भागतं, नागपूरचा स्टुडिओ तासा-दीड तासावर. मग अडतं कुठे? पोरगा लिहायला बसला की त्याच्यापुढे त्याचे मित्र येत नाहीत. मुंबईतला कोणी परीक्षक येतो. तो हिंदीत लिहितो, आणि ती हिंदी त्याच्या बाजाराची नसते, टीव्हीवरच्या हसलची असते. मराठीत लिहायला गेला तर पुण्याच्या शिक्षकाला घाबरल्यासारखं लिहितो. दोन्हीकडे त्याचा स्वतःचा आवाज बाहेर राहतो. हंड्रेड आरबीएच आणि स्टॅन या दोघांनाही हाच धाक असणार. एकाने मराठीतून, दुसऱ्याने हिंदीतून तो झटकला. कुठल्या भाषेतून झटकायचा यावर मला मत द्यायचं नाही. सीमेवरच्या माणसाला दोन्ही दारं उघडी आहेत, हा आमचा एकमेव फायदा.

तेव्हा त्या मुलाला मी क्रम असा सांगतो. सावनेरमार्गे नागपूरला जाणाऱ्या बसमध्ये बसल्यावर ‘तडीपार’ लावायचा. मध्ये कोणी सीट मागितली तरी बंद करायचा नाही. नागपुरात काम असेल ते करायचं. परतीच्या बसमध्ये ‘चेतावनी’, आणि घरी पोचून जेवण झाल्यावर ‘बेटा’, तोही मोबाइलच्या स्पीकरवर नको, कोणाकडून तरी चांगला इअरफोन मागून आणून. ‘गुलाबी साडी’ सांगायची गरज नाही, ते रस्त्यात ढाब्यावर लागेलच. यातलं एखादं आवडलं नाही तर का आवडलं नाही ते मला येऊन सांगायचं, वऱ्हाडीत, आणि शक्यतो चारचौघांत.